पाय माझेच दिसतील

“बाई श्वास घेणार, टाके उसवणार आणि दोष माझ्या सुईला,” तोंडात टाचण्या धरून ड्रेसवाली पुटपुटली. ताईच्या कमरेशी ती शिवत बसली होती आणि मी पदर धरून तिच्या डोक्यावरच उभी, म्हणून मला ऐकू आलं. ताईला नाही. स्वतःचं कौतुक सोडून बाकी सगळ्याला ताईचा कान जरा जडच आहे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तीस वर्षं शास्त्रीय नृत्य, बारा वर्षं सिनेमा. नाचातले लोक तिला सिनेमावाली समजतात, सिनेमातले देव्हाऱ्यातली समई. दोन्हीकडे मान मोठा, काम बेताचं. पडद्यावर तिने आजवर नऊ आया, दोन राजमाता आणि एक न्यायाधीश वठवली. या खेपेला मात्र चक्क नर्तकीची भूमिका, शेवटी चार मिनिटांचा नाच. करारात तिने हट्टाने लिहून घेतलं होतं: पाय माझेच दिसतील.

नेमकं तिथेच अडलं होतं. सकाळपासून सहा वेळा शॉट झाला आणि सहाही वेळा गाणं आधी संपलं, ताई मागाहून पोचली. वरातीमागून घोडं. दिग्दर्शकाने अदबीने स्पीकरला दोष दिला, नाच बसवणाऱ्याने फरशीला, ताईने सगळ्यांना. कोपऱ्यात एक विशीतली मुलगी घुंगरू बांधून बसवलेली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही, तर चेहरा ताईचा आणि पाय तिचे.

खरा प्रकार मला ठाऊक होता. रंगमंचावर ताईच्या शेजारी टाळ धरून बसते ती मीच. तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तसा मी ठेका केसभर सैल केला. मृदंगवाल्या काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तेही सैल झाले. मग गाणारीही. दर कार्यक्रमाला आणखी केसभर, असं करत करत जटा झाल्या. समीक्षक लिहू लागले, बाईंच्या नाचाला आता ठहराव आलाय. ताईने ती कात्रणं फाइलला लावलीत. आम्ही तिघांनी आपसातही कधी हा विषय काढला नाही. रेकॉर्ड केलेल्या गाण्याला मात्र कुणाच्या गुडघ्यांची भीडभाड नसते.

सातव्यांदाही तेच झालं. ताई शांतपणे म्हणाली, हा साउंडवाला बदला, नाहीतर मी निघाले. दिग्दर्शकाने मान खाली घातली. साउंडवाला वायरी गुंडाळू लागला.

ताईने मला पुढे ओढलं. “हिला विचारा. जन्म गेलाय हिचा माझा ठेका धरण्यात. सांग गं, गाणं पळतंय की नाही?”

सगळे माझ्याकडे बघत होते. ताई तर पुऱ्या भरवशाने. मी साउंडवाल्याच्या हातातल्या वायरींकडे पाहिलं.

“गाणं जागेवर आहे, ताई,” मी म्हणाले. “तुझ्याच्याने आता त्या लयीत होत नाही. तीन वर्षं आम्ही तुझ्यासाठी हळू वाजवतोय.”