ब्रेकमधलं एकमत

गेले पंधरा दिवस मावशींच्या दुकानातली गर्दी मावशींच्या हातात राहिली नव्हती, ती टीव्हीवाल्यांच्या हातात गेली होती. सोमवारी एका वाहिनीने लाल मांस म्हणजे हृदयाचा शत्रू असं जाहीर केलं की मंगळवारी दुकानाकडे चिटपाखरू फिरकत नसे. गुरुवारी दुसरी वाहिनी कुठल्याशा नव्या संशोधनाचा हवाला देऊन सांगे, तसं काही नाही, बिनधास्त खा. मग शुक्रवारी शटर वर जायच्या आत रांग लागलेली. शनिवारच्या पेपरात पुन्हा नवा मथळा, पुन्हा शुकशुकाट.

"लोकांना झालंय तरी काय?" ठोकळ्यावरची सुरी पुसत मावशी म्हणाल्या. "मटण तेच, मी तीच, ठोकळासुद्धा तोच."

"टीव्ही बदलतोय ना रोज, वहिनी," गल्ल्यावरून दीर म्हणाला.

नवरा गेल्यापासून बावीस वर्षं मावशी आणि हा धाकटा दीर मिळून दुकान चालवत होते. कापायचं काम मावशींचं, बोलायचं दिराचं. मावशींना एकच खोड होती. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायच्या, "घरात माणसं किती?" तिघांच्या घरात कुणी दोन किलो मागितलं की पाऊण किलोवर आणून सोडायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या मास्तरांनी नळ्या मागितल्या की "मागच्या आठवड्यात नेल्यात की" म्हणून चरबी काढलेला खिमा हातात ठेवायच्या. दीर कपाळाला हात लावायचा. पण गिऱ्हाईक तुटत नव्हतं, हेही खरं.

अशात एका वाहिनीची मुलगी दुकानात आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातातही फोन. "उद्या दुपारी चारला आमची महाचर्चा आहे. विषय आहे, 'लाल मांस: ताकद की तिरडी?' डॉक्टर आहेत, व्यायामशाळेचे मालक आहेत. विक्रेत्यांची बाजू मांडायला कुणीतरी हवंय."

"मी आलो असतो," दीर घाईघाईने म्हणाला, "पण माझा चेहरा कॅमेऱ्याला मानवत नाही. वहिनी येतील. काय वाट्टेल ते विचारा, उत्तर तयार असतं."

मावशींनी डोळे वटारले, पण तोवर मुलीने नाव लिहून घेतलंही होतं.

स्टुडिओ मावशींच्या शीतपेटीपेक्षा गार होता. एका पोरीने त्यांच्या गालांवर पावडर थापली आणि "छान दिसताय" म्हणाली. टेबल लालभडक, मागचा पडदा लालभडक. डाव्या बाजूला हृदयरोगाचे डॉक्टर, सडसडीत आणि गंभीर. उजवीकडे व्यायामशाळेचा मालक. त्याचे दंड शर्टात मावत नव्हते, पण खुर्चीपर्यंत येताना तो एक पाय जपून टाकत होता. वर्षानुवर्षं काउंटरमागे उभं राहून माणसं न्याहाळायची सवय, म्हणून ते मावशींच्या लगेच ध्यानात आलं.

सूत्रसंचालक मोठा गोड मुलगा वाटला. पाणी हवं का विचारलं, खुर्ची पुढे ओढून दिली. कॅमेऱ्यावरचा दिवा लागला मात्र, आणि त्याच्या अंगात आलं.

"देश जेवतोय की आत्महत्या करतोय?" तो गरजला. "डॉक्टर, आज कुणालाही सोडायचं नाही!"

डॉक्टरांनी आकडे काढले. मालकाने टेबलावर मूठ आपटली. "मी रोज एक किलो खातो! बघा माझ्याकडे!" डॉक्टर म्हणाले, "तेच तर बघतोय." मालक उसळला. दोघे एकदम बोलू लागले, त्यावर तिसरा आवाज सूत्रसंचालकाचा. मावशींना वाटलं, सुटीच्या दिवशी दुकानात एवढा कालवा झाला असता तर त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून शटर ओढलं असतं.

"मावशी!" सूत्रसंचालक अचानक त्यांच्यावर घसरला. "तुमच्या सुरीमुळे माणसं मरतात असा आरोप आहे. उत्तर द्या!"

"माझ्या सुरीने बावीस वर्षांत फक्त माझं बोट कापलंय," मावशी म्हणाल्या, "तेही एकदाच."

पुढे त्या काही बोलणार, तोच जाहिराती लागल्या. दिवा विझला आणि खोलीत एकदम शांतता पसरली. सूत्रसंचालक पाणी प्यायला बाहेर पळाला.

मावशी मालकाकडे वळल्या. "पायाला काय झालंय हो?"

"काही नाही, अंगठा दुखतोय. वजन पडलं असेल."

"बूट काढा," डॉक्टर म्हणाले.

"इथे?"

"माझ्या दवाखान्यात काढलात तर आधी दोन तास बसावं लागेल."

मालकाने मोजा उतरवला. अंगठा टोमॅटोसारखा लाल. डॉक्टरांनी वाकून नुसतं बोट टेकवलं तर एवढा आडदांड माणूस "आई गं!" करून ओरडला.

"वजनबिजन काही पडलेलं नाही. युरिक अॅसिड वाढलेलं दिसतंय. उद्या रक्त तपासून घ्या. आणि ते रोजचं किलोभर आजपासून बंद."

"पूर्ण बंद?" मालकाचा चेहरा लहान पोरासारखा पडला.

"आधी हे उतरू दे. मग आठवड्यातून एकदा, बेताचं. मी स्वतः रविवारी खातोच की." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "पण मावशी, आमच्याकडे नेहमी चिवट होतं. काय चुकतं?"

"मांडीचं नेऊन घाईत शिजवत असाल. मंद आचेवर ठेवा, दीड तास हलू नका. जोडीला भाजी भरपूर टाका, म्हणजे मटण कमी लागतं. आणि करपवू नका."

"बघा! मीही पेशंटना हेच सांगतो. थोडं खा, चरबी काढून खा, जाळू नका, डब्यातलं खारवलेलं टाळा."

"मग आपण भांडतोय कशासाठी?" मोजा चढवत मालकाने विचारलं.

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. दिवा लागला, सूत्रसंचालक धावत येऊन बसला आणि बसता बसताच गरजला, "तर संघर्ष पेटलाय! डॉक्टर, माघार घेणार?"

डॉक्टरांनी सवयीने बोट उगारलं. मालकाने सवयीने मूठ वळली. मावशींना राहवेना.

"अहो, आत्ता ब्रेकमध्ये आपलं ठरलं होतं की!"

सूत्रसंचालकाने आ वासला. "काय ठरलं होतं?"

"हेच. आठवड्यातून एकदा खायचं, बेताचं खायचं, भाजी भरपूर घालायची. डॉक्टरांचं तेच म्हणणं, माझं तेच. यांचंही तेच, फक्त यांना आधी अंगठा बरा करायचाय."

डॉक्टरांचं उगारलेलं बोट हवेतच राहिलं. मग ते हसायला लागले, आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मालक आधी लाजला, मग तोही खो खो हसू लागला. कॅमेऱ्यामागून कुणीतरी फिसकन हसलं.

सूत्रसंचालकाची मात्र पार भंबेरी उडाली. कार्यक्रमाची बारा मिनिटं उरली होती आणि हातात भांडणच नव्हतं. कानातल्या यंत्रातून कुणीतरी ओरडत असावं, कारण तो पुन्हा पुन्हा कान चोळत होता. शेवटी त्याने कागद बाजूला सारले आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात विचारलं, "मावशी, माझे वडील सत्तरीचे आहेत. आमच्या चर्चा बघून त्यांनी खाणंच सोडलंय. सकाळी एक चॅनल बघतात, संध्याकाळी दुसरं, आणि रात्री उपाशी झोपतात. त्यांना काय सांगू?"

मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी वय विचारलं, औषधं विचारली, रक्तदाब विचारला. मग मावशींनी सांगितलं कुठला भाग न्यायचा, एका माणसाला किती पुरतो, तोंडात दात नसले तर कसा शिजवायचा. मालकाने जेवणानंतर वीस मिनिटं चालायला सांगितलं आणि तेवढ्यापुरता त्याचाही मान राहिला. त्या बारा मिनिटांत आवाज कुणीच चढवला नाही. सूत्रसंचालक वहीत लिहून घेत होता.

बाहेर पडताना कार्यक्रमाचा प्रमुख दारातच उभा होता. "मावशी, कार्यक्रमाची वाट लावलीत."

"चुकलं असेल तर माफ करा," मावशी म्हणाल्या. "पण मला खोटं भांडता येत नाही. खरं भांडायचं असेल तर बोलवा, मी येईन."

घरी दीर फुरंगटून बसला होता. "दुकानाचं नाव एकदा तरी घ्यायचं, वहिनी!"

"कुणी विचारलंच नाही, भाऊजी."

नाव न घेताही लोकांनी दुकान शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता शटर वर गेलं तेव्हा फुटपाथवर वीसेक माणसं होती. मावशी खुश झाल्या, कंबर कसली, सुरीला धार लावली. पहिल्या बाईंनी पिशवीत हात घातला आणि पैशांऐवजी एक लांबलचक कागद काढून काउंटरवर पसरला.

"मावशी, माझं कोलेस्टेरॉल बघता का जरा?"

मागच्या गृहस्थांच्या हातात एक्स-रे होता. त्यांच्या मागे पोस्टाचे मास्तर, तीन वर्षांच्या रिपोर्टांची फाइल काखोटीला मारून.

"अहो, मी खाटीक आहे!" मावशींनी दोन्ही हात वर केले. "मला बकऱ्याच्या आतलं कळतं, माणसाच्या नाही! भाऊजी, त्या डॉक्टरांचा पत्ता काढा बघू."

दिराने फोनवर शोधाशोध केली, एक पुठ्ठा घेतला, त्यावर डॉक्टरांच्या दवाखान्याचा पत्ता ठळक अक्षरांत लिहिला आणि खाली स्वतःच्या मनाने जोडलं: 'रिपोर्ट तिकडे. पिशव्या इकडे.'

रांगेत हशा पिकला. मास्तरांनी फाइल मिटली, मावशींनी सुरी उचलली आणि बाईंना विचारलं, "हं, बोला. घरात माणसं किती?"

"दोन. पण आज लेक यायचीय, तिची पोरंही."

"मग आज जास्त न्या," मावशी म्हणाल्या आणि तराजू पुढे ओढला.