ज्ञानूच्या मयताची रजा

गिरणीत माणसाचं नाव पासावर असतं तेच खरं. माझ्या पासावर रामहरी होतं. रामहरी हा माझा थोरला भाऊ. आमच्या गावाहून, वैरागहून, येऊन तो सोलापूरच्या गिरणीत कायम झाला, पण कापसाच्या धुळीनं त्याला खोकला जडला आणि त्रेपन्न साली, मी एकवीस वर्षांचा असताना, त्यानं आपला पास माझ्या हातात ठेवला. तेव्हा पासावर फोटो नसे. "ज्ञाना, खाली मान घालून आत शिर. तितं कोण तोंड बघत न्हाय," तो म्हणाला. खरंच कुणी बघितलं नाही. तो मोडनिंबला रस्त्यावर चहाचं हॉटेल टाकून बसला.

मी ज्ञानू, हे सोलापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनदा लग्न जुळत आलं, पण मुलीकडचे वैरागला चौकशीला जाणार म्हटल्यावर मीच पाय मागे घेतला. मग आईबाप गेले आणि जुळवणारंही कुणी राहिलं नाही.

दर साली संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला भाऊ यायचा. चाळीत तो माझा धाकटा भाऊ ज्ञानू व्हायचा. शेजारच्या सुंदरम्मा डोळे बारीक करायच्या, "धाकटा असून लई पिकलाय की." मी सांगायचो, "रोज चुलीपुढं बसतोय, पिकणारच." पण खोलीचं दार लागलं की तो हाक मारायचा, "ज्ञाना, साखर कुटं हाय?" वर्षातले तेवढे चार दिवस मी माझ्या नावाला ओ द्यायचो. बाकीचं वर्ष त्याच्याच आशेवर काढायचो, खोटं कशाला सांगू.

चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात सकाळी मोडनिंबचा एक माणूस दारात आला. "रामहरी हाटेलवाल्याचे भाऊ तुमीच का? पहाटं गेले ते. आग द्यायला कोण न्हाय, चला."

न सांगता तेरा दिवस दांडी मारली तर नोकरी जायची, म्हणून आधी गिरणीत गेलो. हपिसात चिंतामणी कारकुनानं रजेचा कागद पुढे ओढला.

"कोण वारलं?"

"भाऊ."

"नाव?"

रामहरी अगदी ओठावर आलं होतं. पण रामहरी तर त्याच्यासमोर उभा होता, हातात पास घेऊन.

"ज्ञानू," मी म्हणालो.

त्यानं कैलासवासी लावून नाव लिहिलं आणि मला सावरायला सांगितलं. माणूस भला. शाई वाळेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

मोडनिंबला अग्नी दिला, डोकं भादरलं. तिथं सगळे मला रामहरीचा भाऊ म्हणत. दहाव्याला भटजींनी तेवढं विचारलं, कर्त्याचं नाव काय. "ज्ञानू," मी मोठ्यानं सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला. आता या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलं नाही, हे तेव्हा नीट कळलं.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो. मधल्या सुट्टीत आमचा मुकादम बसवराज जॉबर यानं चहा मागवला. खात्यातले चौघं जवळ येऊन बसले.

"ज्ञानू गुणाचा माणूस व्हता," बसवराज म्हणाला. "सांग की त्याचं कायतरी. बोललं की हलकं वाटतंय."

हॉटेलवाल्याचं किती तरी सांगता आलं असतं. पण जिभेवर आला तो ज्ञानूच.

"विहिरीत उडी मारायला लई भ्यायचा," मी म्हणालो. "भावानं ढकलला तवा पवायला शिकला. आमच्या बैलांची नावं त्योच ठेवायचा. एकाचं नाव तलाठी ठेवलं व्हतं, खाऊन नुसता बसायचा म्हणून." सगळे हसले. मलाही बरं वाटलं. "मास्तर व्हनार म्हनायचा. भारूड तर असं म्हनायचा, की बाया खुरपं थांबवायच्या."

"मग?"

"मग एकवीस वर्सांचा झाला."

"अन् पुढं?"

मी खूप आठवून बघितलं. चहा निवला. चौघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पुढचं काय न्हाय," मी म्हणालो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं. भावाला आग देतानासुद्धा रडलो नव्हतो.

बसवराजनं पाठीवर हात ठेवला.

"रड, रामहरी," तो म्हणाला.