म्हाळसाच्या न्हाणीतला कॉक

वाटणीत गच्चीचा जिना धुरपदाकडं आला, पण वरची टाकी दोन्ही घरांत एकच राहिली. तेवढ्यावर धाकट्या जावेनं, म्हाळसानं, डाव साधला. न्हाणीघर नवं करताना धुरपदाकडं जाणाऱ्या पाण्याचा कॉक तिनं आपल्या न्हाणीत बसवून घेतला. जरा वाजलं की पाणी बंद!

धुरपदाच्या लेकीच्या, शितलच्या ओटभरणाला तर बाईनं कहरच केला. पोरगी डोक्याला साबण लावून बसलेली, बाहेर सासरची माणसं, आन् पाणी गेलं. धुरपदा दार वाजवायला धावली, तर म्हाळसा आतूनच म्हणाली, "वाईच थांबा, जाऊबाई. हातातलं काम उरकू द्या." पोटुशी पोर तशीच चिकट केसांनी पाटावर बसली. विहीणबाई नाक मुरडून हसल्या. ते हसू धुरपदाच्या काळजात रुतून बसलं.

पुढं प्लंबर बिलाल नळ दुरुस्तीला आला, तवा सहज बोलून गेला, "मावशी, त्यांचा कॉक लई हलका हाय. असा रोज पिळला तर एक दिवस हातात येईल."

व्हय का? मग काय! धुरपदा रोज काहीतरी कुरापत काढायला लागली. म्हाळसा चिडायची, जाऊन कॉक पिळायची. पीळ बाई, पीळ! धुरपदाची पिंपं आधीच भरलेली असायची.

अशात म्हाळसाच्या रोहनला सोयरीक आली. पाहुणे घर बघायला आले, आन् धुरपदानं नेमकी तवाच अंगणात मळकी वाकळ धुवायला काढली. काळं पाणी पाहुण्यांच्या चपलांखालून वाहायला लागलं. म्हाळसाचं डोकं फिरलं. नव्या साडीतच ती तरातरा न्हाणीत गेली आन् रागानं कॉक पिळला. तो मोडूनच हातात आला. पाण्याचा लोट तोंडावर बसला, न्हाणी भरली, पाणी पाहुण्यांच्या सतरंजीखाली शिरलं.

"जाऊबाई! अवो, गच्चीवर जाऊन टाकीचाच कॉक बंद करा! पळा की!"

धुरपदानं मान वर केली. "वाईच थांब, म्हाळसे. हातातलं काम उरकू दे."

आन् तिनं वाकळ उलटी करून पुन्हा साबण लावायला घेतला. पाहुणीण लुगडं वर धरून बाहेर आली, आत वळून बघितलं आन् नाक मुरडून हसली. धुरपदानं ते हसू पोटभर बघून घेतलं. मग तिनं हात पुसले आन् शितलला फोन लावला.