मावशीच्या पायाखालची फळी

मित्रांनो, गायकवृंद ऐकायला जाता तेव्हा तुम्ही गाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघता. मी त्यांच्या पायाखालचा जुना लाकडी मंच आहे, मला फक्त त्यांचे पाय ठाऊक. मी चार पायऱ्यांचा. पुढची रांग खाली, मागची सगळ्यात उंच, म्हणजे कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. दिसायला मी भक्कम आहे, पण माझा सगळा जन्म भीतीत गेला. माणसं अंगावर उभी राहिली की कुणी पडणार तर नाही ना, एवढंच माझ्या मनात येतं.

सुतारानं मला घडवलं तेव्हा वृंद नुकताच सुरू झाला होता. कारकून, शिक्षिका, एक दातांचा डॉक्टर, अशी हौशी मंडळी कामावरून थेट तालमीला यायची आणि माझ्याच पायऱ्यांवर बसून डबे खायची. पुढे वृंदाचं नाव झालं. गाण्याचा पगार मिळू लागला, सगळ्यांना सारखे काळे कपडे आले, आवाजाची परीक्षा घेऊन माणसं निवडली जाऊ लागली. दातांचा डॉक्टर त्या परीक्षेत नापास झाला आणि मुकाट्यानं दात काढायला परत गेला. हाताच्या इशाऱ्यावर सगळ्यांकडून गाऊन घेणारे मास्तर कानाचे फार तिखट. कुणी भलत्या जागी श्वास घेतला तरी त्यांची मान वळायची.

मागच्या रांगेच्या टोकाला मावशी उभी राहायची. बायकांमधला सगळ्यात खालचा आवाज तिचा. ती पहिल्यापासून त्याच फळीवर होती. तिचा पाय पडला की मी कुर्र करायचो, आणि ती हळूच म्हणायची, "हो बाबा, आले." काही वर्षांनी तिची लेकही वृंदात आली आणि आईच्या लगेच पुढच्या रांगेत, बरोब्बर तिच्या खालच्या पायरीवर उभी राहू लागली.

मग एका दौऱ्यावरून परतताना मला घाईघाईनं सुटं करून ट्रकमध्ये चढवलं. त्या गडबडीत मागच्या पायरीचा एक बोल्ट हरवला. पुन्हा जोडताना माणसांनी तिथं तार पिळून बांधली आणि "नंतर बघू" म्हणून निघून गेली. ते नंतर काही उगवलं नाही. मावशी चढली की तार ताणली जायची आणि फळीखालचं लाकूड थोडं थोडं चिरत जायचं. फळी सुटली तर आई लेकीच्या अंगावर कोसळणार, हे मला रोज दिसत होतं. सांगणार कसं? मी जिवाच्या आकांतानं करकरू लागलो.

मास्तर वैतागले. "ही फळी माझं सगळं हळू गाणं खाते. हिचं तोंड बंद करा आधी."

माझ्या सांध्यात जाड कापड कोंबलं, वर साबण घासला. मी मुका झालो. सगळे खूश झाले, आणि माझी मात्र पाचावर धारण बसली. त्या दिवशी मावशीनं फळीवर पाय ठेवला आणि थबकली. "आज गप्प का रे?" ती खाली वाकणार, तेवढ्यात मास्तरांचा हात वर गेला आणि तिला गावं लागलं.

लवकरच मोठा कार्यक्रम आला. सभागृह गच्च भरलं होतं. शेवटचं गाणं इतकं हळू होतं, की लोक खोकला दाबून बसले होते. तेव्हाच तार तुटली. कोंबलेलं कापड घसरलं आणि मला आवाज फुटला. मी लांबलचक, घाणेरडा करकरलो. मास्तरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण मावशीला माझी रोजची कुरकुर पाठ होती, ही तसली नाही हे तिला कळलं. गाणं मध्येच थांबवायचं नाही, ही या लोकांची शिस्त. तिनं गाता गाताच शेजारणीचं कोपर धरलं आणि खाली उतरू लागली. तिच्यामागून शेजारीण, मग अख्खी रांग, मग सगळेच गात गात जमिनीवर उतरले. मास्तरांना काही उमगेना, तरी हात चालूच राहिला. आई शेजारी येऊन उभी राहिलेली पाहून लेक घाबरली. विचारायला तोंड मोकळं नव्हतं, म्हणून तिनं फक्त आईचा हात घट्ट धरला.

गाणं संपलं. टाळ्या सुरू होण्याआधीच माझी मागची पायरी धाडकन खाली आली. लेक जिथं उभी असायची तिथं मोडकी फळी पडली होती.

लोक गेल्यावर मास्तर गुडघ्यांवर बसले. सांध्यातलं कापड त्यांनी स्वतः ओढून काढलं. "ओरडत होता बिचारा," ते म्हणाले, "आणि मी त्याला गप्प बसवलं."

आता मला नवा बोल्ट आहे, नवी फळी आहे. तरी भीती गेली नाही, ती जाणारही नाही. मित्रांनो, घरातलं दार, जुनी खुर्ची किंवा एखादं माणूस कुरकुरू लागलं तर साबण घेऊन धावू नका. आधी वाकून बघा.

परवा तालमीत मी पुन्हा कुर्र केलं. मास्तरांनी हात खाली घेतला, अख्खा वृंद थांबला. मावशी वाकली, बोल्ट बोटांनी चाचपला, लेकीनंही चाचपला. मग मावशी माझ्यावर चढली आणि म्हणाली, "हो बाबा, आले."