जामसरात झिजलेला कोयता

दचकू नका मित्रांनो! मी कोयता आहे खरा, आणि तोही जुना; पण आता माझ्यानं काकडीसुद्धा धड चिरली जायची नाही. जामसरच्या एका घरात कारवीच्या कुडाच्या भिंतीत मला खोचून ठेवलं आहे. येणारेजाणारे माझ्याकडे बघून म्हणतात, "हा टाकाऊ कशाला ठेवलाय?" अस्सा राग येतो म्हणून सांगू! एके काळी माझ्यामुळे आणि माझ्या भाऊबंदांमुळे जव्हारच्या कचेरीची दारं धाडधाड बंद झाली होती, हे त्या बापड्यांना कुठं ठाऊक? बसा तर मग. सांगतो.

माझा जन्म जव्हारच्या बाजारात, जिवा लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका बैलगाडीच्या चाकाची मोडकी लोखंडी धाव होतो. जिवानं मला निखाऱ्यांत लाल केलं, ऐरणीवर ठेवलं आणि घणाचे असे घाव घातले की मी अगदी कळवळलो. मग पाण्यात बुडवलं, चर्र झालं आणि मी कोयता झालो. चार बोटं रुंद पातं, पुढं पोपटासारखी बाकदार चोच, मागं धावड्याच्या लाकडाची मूठ. काय माझा रुबाब होता तेव्हा! उन्हात धरलं तर बघणाऱ्याचे डोळे दिपायचे.

पायलीभर नागली देऊन मला घरी नेलं ते ढवळूनं. हा ढवळू कोण, ते आधी सांगायला हवं. संवत छपन्नच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात धरमपुराकडच्या डोंगरांतून एक बाई कडेवर एक आणि हाताला एक अशी दोन लेकरं घेऊन जव्हार संस्थानाची हद्द ओलांडून जामसरला आली. कडेवरचं वाटेतच गेलं. हाताला होता तो ढवळू. आईही फार दिवस राहिली नाही. गावानं त्याला वाढवलं. आज या घरची भाकर, उद्या त्या घरची आंबील. मोठा झाला तसा तो लोकांच्या शेतांवर राबू लागला. त्याची स्वतःची जमीन म्हणाल तर वीतभरसुद्धा नव्हती. होतो तो मी.

आमच्या मुलखात पुरुष घराबाहेर पडला की कमरेला मागं आकडी बांधतो. लाकडाची ती आकडी, तिच्यात कोयता अडकवायचा आणि वाटेला लागायचं. ढवळूच्या पाठीशी असा मी पंधरा-सोळा वर्षं होतो. उन्हाळ्यात राबासाठी झाडांचे टहाळे तोडायचे, ते वाफ्यात पसरून जाळायचे, म्हणजे त्या राखेत भाताचं रोप जोमानं येतं. पावसाळा सरला की कारवी कापायची, बांबू फोडायचे, कुड बांधायचे. जामसरात असं घर नव्हतं की ज्याच्या कुडाला माझी धार लागली नव्हती. खोडाळ्यापर्यंत आम्हांला बोलावणी यायची. गावचा पाटील वामन तर म्हणायचा, "ढवळू आला की चार माणसं आली असं समजा." मी आकडीत असलो तरी ऐकू येतं बरं का! फुलून जायचो अगदी.

पुढं गावातल्याच रुपीनं त्याच्याशी लग्न केलं. रुपी म्हणजे तोंडाळ, हसरी आणि कुणाला न भिणारी. त्यांना माघी नावाची मुलगी झाली. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि मग तो कायदा निघाला.

म्हणजे निघाला नव्हता, निघणार होता. पहिलं मोठं युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. घाटाच्या वाटेवर कुणा व्यापाऱ्याची धान्याची गाडी लुटली गेली. लुटणारे सापडले नाहीत. संस्थानात नुकताच एक नवा अधिकारी आला होता. बारीक अंगाचा, चष्मेवाला, फार शिकलेला. त्यानं प्रजेच्या सुरक्षेसाठी म्हणून एका नव्या कायद्याचा मसुदा लिहून काढला. दवंडी पिटत त्यातली कलमं गावोगाव सांगितली गेली. एक, कोयत्यासकट कुठलीही धारदार वस्तू बाळगून कुणी रस्त्यानं चालू नये. दोन, बाहेरच्या मुलखातून आलेल्या माणसाजवळ मूळ गावचा दाखला हवा; नसेल तर त्याला हद्दीपार करावं. ज्याची हरकत असेल त्यानं पुढच्या बाजारच्या दिवशी कचेरीसमोर येऊन सांगावी.

गावोगावच्या परक्यांची यादीसुद्धा तयार झाली. जामसरच्या यादीत एकच नाव होतं. ढवळू.

मित्रांनो, दुष्काळातून जीव घेऊन पळणारी बाई कधी दाखला मागायला थांबते का? आणि वीस-बावीस वर्षांनी तो आणायचा कुठून? ज्या पाड्यात ढवळू जन्मला, त्याचं नावसुद्धा त्याला धड आठवत नव्हतं. कायदा झाला की त्याला हद्दीपलीकडे सोडणार, आणि रुपी-माघी इकडं राहणार. ढवळूला भाकर गोड लागेना. एकदा मला पाजवायला बसला आणि दगडावर नुसता हात ठेवून बसून राहिला.

"मी आपला आधीच निघून जातो," तो रुपीला म्हणाला. "शिपायांनी धरून न्यायचं, पोरीच्या डोळ्यांदेखत... नको गो."

"जा की!" रुपी कडाडली. "मंग माघीला काय सांगू? बापाला कागद नव्हता म्हणून बाप नव्हता?" आणि लगेच तिचा आवाज बसला. "हरकत सांगा म्हनलंय ना त्यांनी? मंग सांगू ना. विचारलंय तर सांगू. आजवर कोनी विचारलं तरी व्हतं का आपल्याला?"

वामन पाटलालाही ते पटलं. त्यानं आसपासच्या पाड्यांना निरोप धाडले, आणि बाजारच्या दिवशी दोन-अडीचशे पुरुष आणि त्यांच्या बायका पहाटेच जव्हारला निघाले. आता मजा ऐका. कोयता बाळगू नये या कलमाला हरकत घ्यायला निघालेली ही सगळी पुरुषमंडळी कोयते लावूनच निघाली! कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. येणार कसं? अंगात कपडा घातलाय हे तुमच्या ध्यानात असतं का? ढवळूनं तेवढं मला घरी ठेवलं होतं. पण पाड्याच्या वळणापर्यंत गेला आणि माघारी आला.

"पाठ उघडी वाटते," एवढंच म्हणाला आणि मला आकडीत अडकवलं.

कचेरीच्या शिपायांनी लांबून, रस्त्याच्या वळणावर पाहिलं ते काय, तर अडीचशे कोयते उन्हात चमकत चालून येताहेत! झालं. एकच पळापळ उडाली. दारं लागली, खिडक्या लागल्या. लक्ष्या नावाचा एक शिपाई तेवढा बाहेर राहिला, कारण तो आत शिरायच्या आतच दार लागलं होतं. हा लक्ष्या मूळचा वांगणीचा, आमच्यातलाच. तो दोन्ही हात वर करून ओरडला, "अरं लोकांनो, वेड लागलं का? कोयते कशाला आनले?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग प्रत्येकाचा हात आपापल्या पाठीकडे गेला.

"आयो!" वामन पाटील म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला. आतून तो अधिकारी खिडकीच्या फटीतून बघत होता, आणि त्याच्या मसुद्याला याहून चांगला पुरावा मिळाला नसता. मला वाटलं, संपलं सगळं, आणि तेही माझ्यापायी.

पण पाटील वेळेला जागला. "मांडवात शिरताना काय करतो आपन?" त्यानं विचारलं. "तसंच करा."

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात कोयता लावून कुणी शिरत नाही. बाहेर झाडाला टांगतात आणि जाताना ज्याचा तो नेतात. कचेरीसमोर एक मोठं आंब्याचं झाड होतं. एकेक जण पुढं झाला आणि आपला कोयता चोचीनं फांदीला अडकवून खाली बसला. हुकूम नाही, ओरडा नाही. लक्ष्यानंही त्या भरात पट्ट्यामागचा आपला कोयता काढून टांगला. पाठीला पाठ लावून आम्ही अडीचशे भाऊबंद वाऱ्यावर किणकिणत होतो. सगळ्यांची गाठ पडण्याचा असा योग पुन्हा आला नाही.

दार उघडलं. अधिकारी बाहेर आला. माणूस भित्रा नव्हता हो तो. त्यानं ही माणसं कधी जवळून पाहिली नव्हती, एवढंच. ओट्यावर खुर्ची मांडून त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. कोयत्याशिवाय जंगलातून वाट कशी काढायची, राब कसा तोडायचा, हे म्हाताऱ्यांनी सांगितलं. तो लिहून घेत होता. मग यादीचा विषय निघाला.

"ते कलम राहणारच," तो म्हणाला. "इथला कोण आणि परका कोण, हे सरकारला ओळखता आलं पाहिजे."

बायकांच्या घोळक्यातून रुपी उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला. पाटील हातानं बस-बस करत होता, पण ती बसते कसली!

"मंग ओळखा ना सायेब," ती म्हणाली. "मानसांचं ऱ्हाऊ द्या. ह्ये कोयते टांगलेत, त्यात परक्याचा कोनता, त्येवढा वळखून दाखवा."

मला वाटलं, आता हिला धरून नेतात. पण अधिकारी खुर्चीतून उठला आणि चष्मा सारखा करत झाडाखाली आला. त्याला यात काय आव्हान वाटलं कोण जाणे. एकेका कोयत्याजवळ थांबून तो बारकाईनं बघत होता. शेवटी एकाजवळ थबकला. नवा कोरा, मुठीला पितळी कडी बसवलेला, धारेवर एक ओरखडा नाही.

"हा," तो म्हणाला. "हा इथं राबलेला दिसत नाही. हा बाहेरचा."

मग लक्ष्या शिपाई कान खाजवत पुढं आला. "सायेब... त्यो माजा हाय."

हशा काय पिकला म्हणून सांगू! म्हातारे पोट धरून हसले. अधिकारी लाल झाला, पण हटला नाही. इकडंतिकडं बघत त्याचा हात माझ्यावर पडला.

"बरं, आणि हा? हा तर इथलाच, आणि या सगळ्यांत जुना दिसतोय. किती झिजलाय! कुणाचा आहे?"

ढवळू उठला. पण त्याच्या आधी रुपीच हळूच म्हणाली, "त्योच परक्याचा, सायेब. तुमच्या यादीतल्या ढवळूचा."

हसू जागच्या जागी विरलं. अधिकाऱ्यानं मला फांदीवरून काढून तळहातावर आडवं धरलं. तोवर माझं पातं दोन बोटांवर आलं होतं, तेही मधोमध खोलगट. त्यानं ढवळूला जवळ बोलावलं.

"घेतलास तेव्हा किती रुंद होता?"

ढवळूनं चार बोटं जोडून दाखवली.

"मग बाकीचं लोखंड कुठं गेलं?"

ढवळूला प्रश्नच कळेना. एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "जामसरातच की सायेब. आनखी कुटं जानार?"

अधिकाऱ्यानं माझ्या झिजलेल्या पात्यावरून अंगठा फिरवला. मला त्याच्या हाताचा घाम लागत होता. मग त्यानं मला दोन्ही हातांनी ढवळूच्या हाती दिलं आणि तो आत गेला. त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा पुढं काय होणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. ढवळूनं मला न विसरता पाजवलं मात्र.

दोन महिन्यांनी पुन्हा दवंडी आली. कोयत्याचं कलम जवळजवळ गेलं होतं. फक्त गुत्त्यात कोयता नेऊ नये, एवढं राहिलं. ते बरंच झालं, असं कोयता असूनही मला वाटतं. नव्यानं येणाऱ्यानं पाटलाकडे नाव सांगावं, हेही राहिलं. पण आधीपासून राहणाऱ्याला कागद लागणार नव्हता. गावातल्या पाच घरांनी 'हा आमचा' म्हटलं की पुरे. जामसरात तलाठी आला तेव्हा पाच घरं पुरी, म्हणून तो वही मिटू लागला, तर लोक त्याला मिटू देईनात. म्हातारी धोंडीबाई काठी टेकत आली आणि ओरडली, "माजं बी नाव लिव! माज्या कुडाची कारवी त्यानं कापलीय." एकेक करत अख्खं गाव साक्षीला लागलं. वहीचं पान संपलं.

"नाव?" तलाठ्यानं विचारलं.

"ढवळू."

"गाव?"

असा प्रश्न आला की ढवळू नेहमी मान खाली घालायचा. त्या दिवशी त्यानं मान वर केली आणि इतक्या जोरात "जामसर!" म्हणाला की अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. रुपी पदरात तोंड लपवून रडली आणि लगेच त्याच्यावरच ओरडली, "बहिरा नाय त्यो, हळू सांग!"

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरात जुना विळा-कोयता असेल तर त्याला गंजू देऊ नका. वर्षातून एकदा बोटभर तेल लावलंत तरी आम्हांला फार होतं. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी सांगावं, कायदेही कराल. तेव्हा कागदाला शाई लावण्याआधी, ज्याच्यावर तो कायदा लागू होणार आहे, त्याला अंगणात बोलवा, बसवा आणि त्याचं ऐका. तुमच्या गावात कुणी नवखा आला तर दाराआडून यादी करू नका. त्याला पाणी द्या, काम द्या, आणि त्याच्या नावापुढं तुमच्या गावाचं नाव लावायला पहिली साक्ष तुम्ही द्या.