दोन भोकांचं झाकण

मंगळवारी सकाळी इस्पितळातून निरोप आला की माझी बायको नेरेइदा गेली. मला काही सुचेना. शेजारची सेनाइदा म्हणाली, "एवेलिओ, तू बस. घराचं आम्ही बघतो." आमच्या वस्तीत माणूस गेलं की घरातलं फुटकंतुटकं बाहेर काढतात आणि दारातून बादलीभर पाणी फेकतात. बायकांनी तेच केलं. मी नुसती मान हलवली.

नेरेइदा फुटक्यातुटक्यातूनच मूर्ती करायची, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

अंगणात तिची शेवटची मूर्ती उभी होती, तिच्या आजीची. अंग मोडक्या होडीच्या फळ्यांचं, हात सायकलच्या साखळ्यांचे, छातीवर जुनी पत्रं चिकटवलेली. चेहरा तेवढा लावायचा होता. तो तिने ॲल्युमिनियमच्या झाकणावर ठोकून काढला होता, खिळ्याने डोळे पाडले होते. शुक्रवारी हवानाहून प्रदर्शनाचा ट्रक मूर्ती न्यायला येणार होता. या बोलावण्याची तिने अकरा वर्षं वाट पाहिली. बुधवारी दफन करून घरी आलो, तर चेहरा नव्हता.

कोपऱ्यावरची कचरापेटी मी दोनदा उपसली. मग घरोघर विचारत सुटलो. गुरुवारी दुपारी तो नदीकाठच्या एउफेमिया म्हातारीकडे सापडला. शेगडीवर काळा राजमा शिजत होता, भांड्यावर आजीचा चेहरा. दोन्ही डोळ्यांतून वाफ येत होती.

"मावशी, हे नेरेइदाचं आहे."

"कचऱ्यात होतं रे पोरा. बघ, मापाने करून घेतल्यासारखं बसलंय! वाफेला भोकंसुद्धा आहेत."

"ते डोळे आहेत."

"मग बघू दे की, राजमा शिजला का ते!" ती हसली. माझं तोंड पाहून थांबली. "घेऊन जा बाबा. पण मला दुसरं झाकण आणून दे. उघड्या भांड्याला कोळसा किती लागतो, ठाऊक आहे ना?"

कुणाची वस्तू घेण्याआधी नेरेइदा एकच विचारायची, "हिचं काम संपलं का?" संपलं नसेल तर हात लावायची नाही. मी झाकण तसंच ठेवून आलो.

दुसऱ्या झाकणासाठी रात्र पडेपर्यंत वस्ती पालथी घातली. आमच्या घरातली झाकणं तिने केव्हाच मूर्तींना लावली होती. बाकीच्यांकडे आहेत, पण त्यांना ती लागतात. चेहरा आपणच कचऱ्यात टाकला म्हणून सेनाइदा रडायला लागली, तिलाच समजवावं लागलं.

आज शुक्रवार. ट्रक दहाला येणार आहे. मूर्ती दाराशी आणून ठेवली आहे. चेहरा लावायचा राहिला आहे.