बंद नसलेलं वल्कल

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत कपडे शिवणारी एक बाई राहायची. सगळे तिला सालवाली म्हणत. पुढच्या खोलीत ती राजघराण्याचे अंगरखे शिवायची आणि मागच्या अंगणात झाडांच्या साली भिजवून, ठेचून, मऊ करून रानातल्या तपस्व्यांसाठी वल्कलं करायची. पहाटे डोळा उघडल्यापासून प्रार्थना संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, हा तिचा नेम. तापाने फणफणली तरी तिने तो मोडला नव्हता. "घराला आग लागली तरी आमची वहिनी आधी प्रार्थना संपवेल, मग ओरडेल," असं तिची नणंद गल्लीभर सांगायची. त्यात थट्टा होती तसा अभिमानही होता.

पुढच्या खोलीत थोरल्या राजपुत्राचा राज्याभिषेकाचा अंगरखा टांगलेला होता. फक्त गळ्याची जर राहिली होती. अशात राजपुत्राच्या काकीची दासी मागच्या दाराने आली. तिने सुतळीचे दोन तुकडे सालवालीच्या हातात ठेवले.

"दोन वल्कलं हवीत. एक तपस्वी जोडपं आहे. ही मापं."

"तपस्व्याला मापाचं वल्कल?" नणंद साल ठेचता ठेचता हसली. "अगंबाई! उद्या हरणं काठपदराची साडी मागतील."

सालवाली हसली नाही. सुतळीवरच्या गाठी तिच्या बोटांखालून सरकत होत्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा रुंद. धनुष्य ओढून ओढून झालेला खांदा. हाच खांदा तिने कालच जरीच्या अंगरख्यात बसवला होता. दुसऱ्या सुतळीवरची कंबरही तिच्या ओळखीची होती. राजपुत्राच्या बायकोचा, राजघराण्यातल्या थोरल्या सुनेचा, लग्नाचा शालू तिनेच बेतला होता.

दासीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुमची मुलगी वयात आली ना? काकीसाहेब म्हणत होत्या, तिला महालात ठेवून घेऊ. पोरीचं भलं होईल. वल्कलं मात्र उद्या सकाळी तयार हवीत. आणि या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

"मला काय करायचंय कुणासाठी ते," सालवाली म्हणाली. "आपण बरं, आपलं काम बरं."

तिने काम केलं. फक्त एक गोष्ट केली नाही. वल्कलांना तिने बंद लावले नाहीत. तपस्व्यांच्या वल्कलांना बंद नसतातच, ती माणसं अंगाभोवती गुंडाळून आपली आपण गाठ मारतात. राजवाड्यातल्या माणसाला मात्र ती गाठ कुठून येणार? बंद लावले असते, तर आपल्याला सगळं ठाऊक आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने स्वतःलाच बजावलं, तपस्वी जोडपं आहे, मारतील गाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगरखा न्यायला राजवाड्याचा म्हातारा सारथी आला. थोरल्याला मांडीवर बसवून लगाम धरायला शिकवणारा तो हाच. अंगरख्याशेजारी घडी घालून ठेवलेली वल्कलं पाहून तो थबकला.

"काय हो बाई, साल पुढच्या खोलीत कशी आली? आणि हा खांदा असा का? कुणासाठी केलंय हे?"

नुसतं नाव घेतलं असतं तरी त्याने रथ तसाच माघारी पळवला असता. महाराज अजून उठायचे होते, त्यांनी पूर्वी काकीला दिलेल्या वचनात तिने त्यांना अजून अडकवलेलं नव्हतं. सालवालीच्या जिभेवर शब्द आला, आणि डोळ्यांपुढे मुलगी आली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"अरे हो, तुमचा नेम!" सारथ्याने कान पकडले. "माझंच चुकलं, बाई. आशीर्वाद असू द्या."

तो अंगरखा घेऊन गेला. सालवाली दाराशीच उभी राहिली. तिची प्रार्थना केव्हाच संपली होती.

दुपार व्हायच्या आत बातमी फुटली. वचनाची आठवण देऊन काकीने गादी आपल्या मुलासाठी मागून घेतली होती आणि थोरल्याला बायकोसह वनवास. वल्कलांचं गाठोडं घेऊन सालवालीलाच बोलावणं आलं. चौकात माणूस मावत नव्हता. थोरल्याने वल्कल अंगावर घेऊन कशीबशी गाठ मारली. ते नेमकं बसलं. त्याने उजवा खांदा हलवून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"तुमचा हात लपत नाही, मावशी," तो एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

सून मात्र वल्कलाचं एक टोक गळ्याशी आणि एक हातात धरून उभी होती. गुंडाळावं तर सुटत होतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. धरणीने पोटात घ्यावं असं सालवालीला झालं. ती पुढे झाली, साल कमरेभोवती घेऊन तिने गाठ मारली.

सुनेने ती गाठ सोडली. "तुम्ही नका मारू, मावशी. मला शिकवा. तिकडे रोज कोण मारून देणार?"

सालवालीने शिकवलं. खालून घ्यायचं, वरून दुमडायचं, ओढायचं. पोर शहाणी, लगेच शिकली आणि चक्क हसली. "जमलं की हो!"

सालवाली घरी आली. दासी सांगून गेली, मुलीला पाठवा. ती म्हणाली, "नाही पाठवणार." पण पोरीला घरी ठेवूनही सालवालीच्या मनावरचं ओझं तसूभर हललं नाही.

थोरल्याला आणि सुनेला रानात सोडून रिकामा रथ परतला तो एका पहाटे. चाकांचा आवाज ऐकून ती उठली, प्रार्थनेला न बसता तशीच पागेकडे गेली. सारथी घोडे सोडत होता. त्याचे डोळे सुजले होते.

"दादा," ती म्हणाली.

तो दचकला. "बाई? या वेळी बोलताय? तुमचा नेम?"

"ती वल्कलं कुणाची, ते मला ठाऊक होतं."

"ते कळलं आम्हाला." त्याने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "मी रस्त्यात म्हणालो थोरल्यांना, सकाळी विचारलं होतं हो बाईंना, पण त्यांचं मौन होतं. तर म्हणाले कसे, बरं झालं काका, आपल्यापायी मावशींचा नेम मोडला नाही. नाहीतर त्या बोलल्याच असत्या. तेव्हा बाई, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. सूनबाईंना रोज गाठ जमतेय."

आता तिने नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. घरी जाता आलं असतं, उजळ माथ्याने. कुणालाही कधी कळलं नसतं.

"दादा, माझी प्रार्थना झाली होती त्या सकाळी," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधीच झाली होती."

सारथ्याचा हात थांबला. मग त्याने बादली उचलली.

"बाजूला व्हा, बाई. घोडे तहानलेत."

ती बाजूला झाली.